शेठ डॉक्टरांचा पडदा

कुंभार पिंपळगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी रुजू व्हायला गेले, तेव्हा सगळ्यात आधी मला काय दिसलं असेल तर एक टेबल फॅन. त्याला पाती नव्हती, पुढची जाळीही नव्हती. नुसती मोटर आणि मान. उन्हाळ्याचे दिवस, पत्रा तापलेला, आणि हा पंखा वारा न घालता सावकाश इकडून तिकडे मान फिरवत होता. मानेला सुतळीने दोन काचेच्या बरण्या बांधल्या होत्या. बरण्यांत गढूळसं पाणी आणि पाण्यात ओल्या रुमालासारखं पांढरट काहीतरी हेलकावे खात होतं.

मी दारातच थबकले. आतून आवाज आला, "या, या. त्याच्याकडं लक्ष देऊ नका. तो सगळ्यांनाच नाही म्हणतो."

हे आमचे सर. गाव त्यांना शेठ डॉक्टर म्हणायचं. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण जालन्यात इतकं मुरलेलं की घरातल्या भांडणाची भाषासुद्धा मराठी झालेली. नवीन जालन्यात भावांची बियाण्यांची पेढी होती. त्या गादीवर बसायचं सोडून हे ढोरांचे डॉक्टर झाले, आणि झाले ते खेड्यातच राहिले. गावात एक खोली भाड्याने घेतलेली. शनिवारी यष्टीने जालन्याला जायचे, सोमवारी आईने दिलेला खाकऱ्यांचा डबा घेऊन परत यायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या भागात बाई जनावरांची डॉक्टर असते हे लोकांनी ऐकलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एकजण शेळी घेऊन आला. माझ्याकडे बघून सरांना म्हणाला, "मोठे डॉक्टर तुमीच ना?"

"ह्या मोठ्या डॉक्टर," सर माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मी त्यांची बॅग धरतो."

आणि त्यांनी खरोखरच दिवसभर माझी बॅग धरली. मी पुढे गेले की मागे, गोठ्यात वाकले की शेजारी वाकून उभे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नव्या बाई शेठ डॉक्टरांच्याही वरच्या आहेत. मला ते कधी 'मॅडम' म्हणाले नाहीत, 'बेटा' म्हणाले नाहीत. "डॉक्टर" म्हणायचे, बस्स. आज तीस वर्षं होत आली, या एका शब्दाचं मोल माझं मला माहीत.

जखम बघायची त्यांची रीत विचित्र होती. जनावर आलं की आधी त्याला विचारायचे, "काय राजे, काय होऊन राह्यलं?" मग एक लाकडी स्टूल ओढून जखमेसमोर बसायचे आणि दोन्ही हात खिशात घालायचे. नुसते बघत राहायचे. मालक चुळबुळ करायला लागायचा. "साहेब, जल्दी करा ना काही." सर म्हणायचे, "काम चालू आहे. आपण यायच्या आधीच त्याच्या अंगानं चालू केलेलं आहे. कुठवर आलंय ते बघू द्या, मग हात लावू."

त्यांच्या टेबलावर औषधांपेक्षा भलतंच सामान जास्त. वाळक्या घोसाळ्याची जाळी, शेळीच्या हाडाची आडवी चकती, सुगरणीचं सोडून दिलेलं घरटं. आमचा शिपाई डब्यात उकडलेली अंडी आणायचा. सर अंडं शिवत नसत, पण टरफल मागून घेत आणि आतला पातळ पापुद्रा नखाने सोडवून उजेडासमोर धरत. "बघा डॉक्टर, कुणी विणलं हे? माग दिसत नाही, विणकर दिसत नाही." शिपाई म्हणायचा, "सर, दिसतंय ते फक्त माझं अंडं थंड होऊन राह्यलेलं."

बरण्यांमधलं प्रकरण मला कळायला आठवडा गेला. ते म्हशीच्या पोटातलं होतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो. बाजाराच्या दिवशी खाटीक चाचांच्या दुकानातून आणायचा, स्वच्छ करायचा आणि मग पित्तापासून काढलेल्या एका क्षाराच्या पाण्यात दिवसचे दिवस हलवत ठेवायचा. तो क्षार सरांचा विद्यापीठातला एक जुना मित्र पाठवायचा. पंख्याची मान त्यासाठी. लाईट गेली की मान हलवायचं काम आमच्याकडे. मी, सर आणि शिपाई पाळीपाळीने बरण्या मांडीवर घेऊन बाळासारख्या डोलवत बसायचो.

"पण हे करायचं कशाला?" मी विचारलं होतं.

"भाडेकरू बाहेर काढायला," सर म्हणाले. "म्हशीच्या पडद्यात म्हशीच्या पेशी राहतात. त्या तशाच ठेवून तो पडदा बैलाच्या फाटलेल्या पोटाला ठिगळ म्हणून शिवला तर बैलाचं शरीर भडकतं, हाकलून लावतं. पण त्याला राग येतो तो भाडेकरूंचा. भिंतींचा नाही. भिंती म्हशीच्या काय, बैलाच्या काय, तुमच्या-माझ्या काय, जवळपास सारख्याच. म्हणून भाडेकरू धुऊन काढायचे, भिंती तेवढ्या ठेवायच्या. मग बैलाच्या स्वतःच्या पेशी येऊन राहतात. राहता राहता जुनी भिंत पाडतात, आपली बांधतात."

"आणि आपण?"

"आपण काही बनवत नाही, डॉक्टर. आपल्याला बनवता येत नाही. निसर्गाचं आहे ते उचलून त्याच्याच हातात द्यायचं." मग जरा थांबून म्हणाले, "मोठ्या प्रयोगशाळांत लोक माणसांसाठी हेच करून राह्यलेत. कातडी, हृदयाच्या झडपा. त्यांच्याकडं मोठी यंत्रं आहेत. आपल्याकडं पंखा आहे."

नायलॉनची जाळी का नको, असं मी विचारलं. तीही त्यांनी वापरून पाहिली होती. "नायलॉन वाईट नाही. पण ते पाहुणं म्हणून येतं आणि मरेपर्यंत पाहुणंच राहतं. एखाद्या दिवशी रुसतंच."

चाचांकडे मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले. सरांची लूना, हँडलला दुधाची किटली अडकवलेली. पडदा त्या किटलीतून यायचा. दुकानाशी पोचल्यावर चाचा लगबगीने बाहेर आले. म्हणाले, "शेठ, तुम भारच ठैरो. मैं लाके देतौं." सर म्हणाले, "नको चाचा. घ्यायचं तर बघून घ्यायला पाहिजे." आणि आत गेले. जन्मात कांदा न खाल्लेला तो माणूस तिथे उभा राहून सगळं डोळे उघडे ठेवून बघत होता. चाचांनी पडदा धुऊन, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून किटलीत ठेवला. परत येताना सर विहिरीशी थांबले आणि कठड्यावर कितीतरी वेळ बसून राहिले. स्टँडवर आलो तर चहावाल्याने किटली बघून हाक मारली, "शेठ, दूध हाय का?"

"दूध नाही, म्हैस आहे," सर म्हणाले, आणि मघापासून पहिल्यांदा हसले.

जालन्याला त्यांच्या आईला हे सगळं माहीत होतं. त्यांनी मुलाला थांबवलं नव्हतं. फक्त घरी आल्यावर आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, एवढाच दंडक होता. सर तो बिनतक्रार पाळायचे.

मला टाके घालायला त्यांनी केळीच्या पानावर शिकवलं. ओलं पान दोन तुकडे करून पुन्हा शिवायचं. सुई काठाच्या जवळ घेतली की पान टरकन फाटायचं, दोरा जास्त ओढला तरी फाटायचं. महिनाभर रोज दुपारी मी पानं फाडत होते आणि दवाखान्यामागची शेळी ती खात होती. "तिची तब्येत सुधारून राह्यली," सर म्हणायचे. "चांगली खूण नाही." ज्या दिवशी पान शिवून झाल्यावर दोन्ही हातांनी ताणलं तरी फाटलं नाही, त्या दिवशी त्यांनी आईकडचा सगळा डबा माझ्यासमोर सरकवला.

तोवर त्यांनी हा पडदा दोन-तीन शेळ्यांना आणि एका वासराला लावला होता. वासराची बेंबी फुगलेली होती, ते बरं झालं होतं. पण मोठ्या जनावराला लावायची वेळ आली नव्हती. ती गयाबाईंनी आणली.

गयाबाईंची वस्ती गावापासून थोडी लांब. नवरा जालन्याला सळयांच्या कारखान्यात, शेत त्या आणि त्यांचे दीर बघायचे. त्यांचा लाल कंधारी बैल होता, लाल्या. बाजारात दुसऱ्या बैलाचं शिंग त्याच्या पोटाला लागलं होतं. कातडी शाबूत, पण आतलं मांस फाटलेलं. आतडी तिथून कातडीखाली उतरली होती आणि बाजूला घागरीएवढा फुगा लोंबत होता.

"रोज वाढून राह्यलंय," गयाबाई म्हणाल्या. "यापारी दोनदा येऊन गेल्ता. मी म्हणलं, इकायचा न्हाई."

सरांनी स्टूल ओढलं, बसले, बघितलं. मग फुगा हाताने हळूच आत ढकलला आणि बोटांनी भोकाचा काठ चाचपला. मलाही चाचपायला लावला. माझे दोन्ही तळवे बसतील एवढं भोक होतं. काठ ओढून जुळवणं शक्य नव्हतं. आणि आतडं तिथे अडकून पिळलं गेलं असतं तर बैल एका दिवसात गेला असता.

बाजूला येऊन मी सरांना म्हणाले, "त्यांना औषधी कापड आहे म्हणून सांगू या. उगाच घोळ नको."

"पोट त्यांच्या बैलाचं आहे," सर म्हणाले. "त्यात काय चाललंय ते त्यांना कळायलाच पाहिजे."

आणि त्यांनी बरणी आणून गयाबाईंच्या हातात दिली. हे काय आहे, कुठून आणलं, कसं धुतलं, सगळं सांगितलं. "मोठ्या बैलाला मी हे आजवर लावलेलं नाही. जमेल असं वाटतं. खात्री नाही."

दीर मागे सरकले. "वयनी, हे काय बराबर न्हाई. कापलेल्या म्हशीचं आपल्या बैलाच्या पोटात? लोक काय म्हणतील?"

गयाबाईंनी बरणी उन्हात धरली. त्यातला पडदा आता दुधी काचेसारखा दिसत होता. त्यांनी सरांना विचारलं, "शेठ, तुमी तर जैन. मंग तुमी ह्याला हात कसा लावता?"

मला वाटलं, सर काहीतरी पाठ केलेलं उत्तर देतील. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"मला बरं वाटत नाही, बाई," ते म्हणाले. "दर वेळी वाटत नाही. सवय होईल असं वाटलं होतं, पण झाली नाही. ती म्हैस मी मारायला सांगितली नव्हती, आणि मी गेलो नसतो तरी ती वाचणार नव्हती. तिचं एवढंसं तरी कुणाच्या उपयोगी पडावं असं वाटतं. बरोबर की चूक, ते मला अजून कळलेलं नाही."

गयाबाईंनी बरणी परत दिली. "सवय झाली असती तर मी बैल दिला नसता," त्या म्हणाल्या. "लावा तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यामागच्या लिंबाखाली कडब्याचा जाड थर टाकून लाल्याला आडवं केलं. गुंगीचं इंजेक्शन, भोकाच्या भोवती भूल. गयाबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सरांनी कातडी उघडली, आतडी ओल्या फडक्याने सांभाळत आत सारली आणि पडदा भोकावर पसरला. मग एक सुई माझ्या हातात दिली.

"या बाजूनं मी, त्या बाजूनं तुम्ही. मधे भेटू."

"सर, अर्धं मी?"

"मोठ्या डॉक्टर तुम्हीच ना?"

दोरा त्यांनी विरघळणारा घेतला होता. आम्ही शिवायला लागलो. निम्म्यावर आलो असू, तेव्हा लाल्याने एकाएकी श्वास ओढून अंग ताठ केलं. आतली आतडी उसळून पडद्याला धडकली, पडदा शिडासारखा फुगला. माझे हात थांबले. सरांनी आपला पंजा पालथा करून पडद्यावर दाबून धरला आणि मान वर न करता म्हणाले, "थांबू नका. त्याचा जोर मी बघतो. तुम्ही शिवा." मी शिवत गेले. माझी बाजू संपली, मग त्यांची उरलेली बाजूही मीच शिवली, कारण त्यांना हात काढता येत नव्हता. एकही टाका फाटला नाही.

संध्याकाळी लाल्या उठून उभा राहिला. गयाबाईंनी त्याच्या नाकाला नाक लावलं.

खरी परीक्षा नंतरच होती. थोड्या दिवसांत ती जागा सुजली. आधी मुठीएवढी, मग ताटाएवढी. लाल्याला ताप आला, तो बसला तो उठेना, चाऱ्याला तोंड लावेना. दीर दवाखान्यात येऊन मोठ्याने बोलून गेले, "म्या सांगतल्तं. सडून राह्यलं ते आत."

आम्ही वस्तीवर गेलो. सरांनी सुईने सुजेतलं थोडं पाणी काढलं. ते स्वच्छ, पिवळसर होतं, वास नव्हता. तरी मला धीर धरवेना. "सर, उघडू या. पडदा काढून टाकू. बैल तरी वाचेल."

"उघडलं तर जे जमत आलंय तेही मोडेल," सर म्हणाले. "ताप आहे, पण पू नाही. वरवर गडबड दिसते खरी. मला वाटतं, आत नवे भाडेकरू यायला लागलेत. उद्या असंच असेल तर तुम्ही म्हणाल तसं करू. आज मला बसू द्या."

आणि ते गोठ्यात स्टूल टाकून बसले. हात खिशात. दुपारी डबा उघडायला मी त्यांना हाक मारली तर मान हलवली. शिपाई माझ्या कानाशी लागला, "लाल्या बसल्यापून सर एकच टाइम जेवून राह्यलेत. कुणाला सांगू नका म्हणलेत." मी जाऊन विचारलं तर चिडले, "माझ्या पोटाचं मी बघतो. तुम्ही त्याच्या पोटाचं बघा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलेला आहे. घाबरलेला असूनही हात खिशात ठेवायला काय लागतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. पुढच्या सगळ्या नोकरीत मला त्याचा उपयोग झाला. नको तिथे सुरी न लावल्यामुळे माझ्या हातून किती जनावरं वाचली असतील, त्याचा हिशेब लागणार नाही.

सकाळी आम्ही पुन्हा गेलो. गयाबाई अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं गोठ्याकडे बोट केलं. लाल्या उभा होता आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करत होता. सर त्याच्याजवळ गेले, "काय राजे?" म्हणाले. मग गयाबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, काही खायला आहे का?"

त्यांनी भाकरी आणि वरण वाढलं. त्यात कांदा-लसूण नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

सूज उतरत गेली. पुढच्या हंगामात लाल्या हलक्या कामाला लागला, नंतर वखराला, नंतर सगळ्यालाच. सरांनी त्यावर काही लिहावं म्हणून विद्यापीठातला तो मित्र मागे लागला होता. सर म्हणायचे, "वरून बरं दिसतंय. आत काय झालंय ते कुठं पाहिलंय? न पाहता कसं लिहू?"

मग माझी बदली मंठ्याला झाली. सर निवृत्त होऊन जालन्याला गेले आणि भावांच्या पेढीवर बसायला लागले. गिऱ्हाईक बियाणं घ्यायला आलं की ते म्हणे त्याच्या बैलांची चौकशी करत बसत आणि भाऊ वैतागत. मी जालन्याला गेले की पेढीवर जायचे. दर वेळी एकच प्रश्न, "लाल्या कसा आहे?"

लाल्या म्हातारा होऊन गेला. पहाटे गोठ्यात आडवा पडला आणि उठलाच नाही. गयाबाईंनी मला मंठ्याला फोन केला. "शेठला घेऊन या," त्या म्हणाल्या. "त्यांना आतून बघायचं होतं ना? ते येईस्तवर मी पुरू देणार न्हाई."

मी जीप घेऊन आधी जालन्याला गेले, मग सरांना घेऊन वस्तीवर. तोवर ऊन चढलं होतं. सर बरेच थकले होते, हात धरून उतरवावं लागलं. शेताच्या कडेला खड्डा खणून ठेवला होता. शेजारी लाल्या, अंगावर गयाबाईंचं जुनं लुगडं पांघरलेलं. गयाबाईंनी ते काढलं आणि पाठ फिरवून बांधावर जाऊन बसल्या.

बाहेरून कातडीवरचा व्रण स्पष्ट होता. मी तिथलं पोट उघडलं आणि तो भाग उलटा करून सरांसमोर धरला. सर गुडघ्यांवर बसले. आतली बाजू ओली, चकचकीत, एकसारखी होती. फाटलेलं मांस काही परत उगवलं नव्हतं. त्या जागी पांढरा, चिवट पडदा होता आणि तो चहूकडे शेजारच्या मांसात उतरत उतरत मिसळून गेला होता. सरांनी चष्मा कपाळावर सारला, बोटाने चाचपत एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले. परत आले.

"डॉक्टर, तुमचे डोळे चांगले आहेत. काठ कुठं आहे बघा."

मी बघितलं. उजेडाकडे धरून बघितलं, ताणून बघितलं. आमचा पडदा कुठे सुरू झाला आणि लाल्या कुठे संपला, ते मला दाखवता येईना.

"नाही सापडत, सर."

"मलाही नाही," ते म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि हात भरलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी माझ्या बाहीने पुसलं.

मी पोट परत शिवलं. तशी गरज नव्हती, पण शिवलं. नीट, काठापासून दूर सुई घेऊन. तोवर गयाबाई उठून आल्या. त्यांच्या हातात एक धुतलेला पांढरा कपडा होता.

"शेठ, त्यो म्हशीचा तुकडा निघाला का?" त्यांनी विचारलं. "मी म्हणलं, तिचं तिला येगळं पुरावं. इतकी वर्सं तिनं संभाळलं त्याला."

सरांनी एकदा त्या कपड्याकडे पाहिलं, एकदा लाल्याकडे.

"नाही निघाला, बाई," ते म्हणाले. "आत दुसरं कुणीच नाही. सगळा तुमचा बैलच आहे."